गुडघ्याने बसणारा दरवाजा

परदेशातला तो कारखाना बंद झाला आणि तिथली जुनी, चौकोनी, डोंगरदऱ्यांत कुठेही चढणारी गाडी आमच्या वाघोडियाच्या कारखान्यात बनवायची ठरली, तेव्हा मी क्वालिटीत होते. साचे, सांगाडे, ड्रॉइंग, सगळं कंटेनरमधून आलं. आम्ही नारळ फोडला, पेढे वाटले, पहिली बॉडी जोडली, आणि दरवाजा काही बसेना.

मापं मी तीनदा घेतली. बरोबर होती. बिजागऱ्याही बरोबर. तरी वरच्या कोपऱ्यात बोट जाईल एवढी फट. आमचे फिटर मिस्त्रीकाका, सगळी हयात पत्र्यात घालवलेले, शांतपणे म्हणाले, "बेन, कागळ पर बेसे छे, गाडी पर नथी बेसतो." कागदावर बसतो, गाडीवर बसत नाही.

शेवटी तिकडून एक माणूस बोलावला. साठीचे, ताडमाड उंच गृहस्थ. जन्मभर त्यांनी हेच दरवाजे बसवले होते. कारखान्याबरोबर त्यांची नोकरी गेली होती आणि आता तीन आठवड्यांसाठी ते आम्हालाच शिकवायला आले होते. विमानतळावर त्यांना आणायला मीच गेले. अकोट्याच्या पुलापर्यंत मी नुसती उन्हाबद्दलच बोलत राहिले. दुसरं काय बोलणार?

पाहुण्यांनी फट बघितली आणि पहिल्यांदा हसले. कोपऱ्यात एक लाकडी ठोकळा अडकवला, दरवाजाची कड दोन्ही हातांनी धरली आणि मधोमध गुडघा लावून असा रेटा दिला की आम्ही सगळे "अरे, अरे!" करत पुढे धावलो. मग त्यांनी दरवाजा लावला. ठक्. फट गायब.

"हे कुठल्या कागदावर आहे?" मी विचारलं.

"कुठल्याच नाही. मलाही एकाने असंच दाखवलं होतं."

आता कामाची पद्धत लिहून काढणं माझ्याकडे. मी लिहिलं, 'उजवा गुडघा, मध्यम जोर.' मॅनेजरसाहेबांनी कागद परत पाठवला. वर लाल शाईत: 'मध्यम म्हणजे किती? आणि कोणाचा गुडघा?'

प्रश्न रास्त होता. मिस्त्रीकाका जेमतेम सव्वापाच फूट. त्यांचा गुडघा भलत्याच जागी पोचायचा. दोन दरवाजे वाकडे करून झाल्यावर ते चिडून टूलरूममध्ये गेले आणि तिसऱ्या दिवशी एक लाकडी तरफ घेऊन आले. टोकाला जुन्या टायरची ट्यूब गुंडाळलेली, आणि ठरावीक ठिकाणी थांबेल असा अडसर. रेटा दर वेळी सारखाच.

पाहुण्यांनी ती लावून पाहिली. एकदा, दोनदा, चारदा. मग स्टुलावर बसून गुडघा चोळत म्हणाले, "हे आमच्याकडे कुणाला का सुचलं नाही? डॉक्टर म्हणतात, हा गुडघा आता बदलावाच लागणार."

त्या रविवारी मी त्यांना मांजलपूरला घरी जेवायला बोलावलं. नवऱ्याने सेव-उसळ केली होती. नाक पुसत, पाणी पीत ते आवडीने खात होते. माझ्याच्याने राहवलं नाही. "आमचा राग नाही आला?"

"आला ना. विमानतळावर घ्यायला आलेल्या बाईंचाही आला."

"मीच होते ती."

"माहीत आहे." चमचा खाली ठेवून ते म्हणाले, "मग वाटलं, तुम्ही गाडी वाईट बनवलीत तर लोक म्हणतील, ती आधीपासूनच वाईट होती. ते मला चाललं नसतं." आणि त्यांनी उसळीवर आणखी तर्री मागितली.

शेवटच्या आठवड्यात गाडी फवाऱ्याखाली उभी केली आणि आत धारा लागल्या. पाहुणे निवांत. "ती गळतेच. गळली नाही तर आमच्याकडे तिला कोणी ओळखणार नाही."

मिस्त्रीकाकांना हे मंजूर नव्हतं. "बेन, यांना सांगा, गळणारी गाडी माझ्या हातून बाहेर जाणार नाही." आमच्या औद्योगिक वसाहतीतल्याच एका रबरवाल्याकडून त्यांनी जाड ओठाची पट्टी काढून आणली, दरवाजांना लावली, आणि स्वतः वर्तमानपत्र घेऊन गाडीत बसले. अर्धा तास पाणी कोसळत होतं. वर्तमानपत्र कोरडं राहिलं. दहा मिनिटांनी पाहुणेही दार उघडून शेजारी जाऊन बसले. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, पण काचेतून दिसत होतं, दोघंही बोलत होते.

निघताना त्यांच्या बॅगेत सदऱ्यांच्या घड्यांमध्ये त्या रबराचं वेटोळं होतं. जरा लाजत म्हणाले, "माझ्या घरी हीच गाडी आहे. तेवीस वर्षं माझा डावा मोजा ओला असतो."

महिन्याभराने फोटो आला. पावसाने चिंब अंगण, गाडीचं उघडं दार, आणि आत कोरड्या मोज्यातला एक पाय. मी तो धावत जाऊन मिस्त्रीकाकांना दाखवला. त्यांनी चष्मा लावला, फोटो बोटांनी मोठा केला, आणि दाराच्या कडेवर बोट टेकवलं.

"त्यांना लिहा, बेन," ते म्हणाले, "रबर उलटं लावलंय. जोराचा पाऊस आला की परत गळेल."