उताराचं दुसरं टोक

कान्हे गावच्या समीक्षाला तळेगावच्या पाईपांचे नकाशे काढणाऱ्या ऑफिसात एका कामासाठी सगळे हाक मारत. उभे फाटे जोडायचे असले की समीक्षा.

इमारतीचा सांडपाण्याचा मुख्य पाईप सेप्टिक टाकीकडे थोडा उतारावर असतो. वरच्या बाथरूममधून येणारा फाटा सरळ उभा असतो. कागदावर काढताना कुणाचं काही अडत नाही. कॉम्प्युटर मात्र अडतो. तिरक्या पाईपला उभा पाईप काटकोनात बसत नाही, म्हणून जोड नाकारतो आणि पिवळी चौकट दाखवतो. बाकीचे त्या चौकटीपुढे तासन्‌तास बसत. समीक्षा पाईपचा उतार काढून टाकायची, तो आडवा करायची, सगळे फाटे लावायची आणि शेवटी उतार परत द्यायची. उतार देताना पडद्यावर एक छोटा बाण येतो. ज्या टोकाला बाण, ते टोक जागेवर राहतं, दुसरं खाली जातं. तेवढं बघायचं.

मळवलीच्या रिसॉर्टला एका ओळीत चौदा खोल्या होत्या. चौदा फाटे. नकाशा चारला पाठवायचा होता. समीक्षाने पावणेचारला उतार परत दिला.

साइटवर पाईप टाकायला होते तिचे सख्खे मामा, निवृत्तीभाऊ. मळवलीतल्या निम्म्या बंगल्यांखाली त्यांचे पाईप आहेत. लहानपणी सुट्टीत ती त्यांच्याबरोबर जायची. पाणी भरलेल्या पारदर्शक नळीचं एक टोक मामांच्या हातात, दुसरं तिच्या. लेव्हल म्हणजे काय, ते तिला तिथे कळलं.

खोदाई सुरू झाली तेव्हा मामांचा फोन आला. ती मीटिंगमध्ये होती.

"समे, टाकीपासनं लांब जाऊ तसं खोल खणा म्हंतोय कागद. पानी काय चढनार हाय का?"

"मामा, ते वरून तपासून आलंय. कागदावर आहे तसं करा."

"तितं दुसरी टाकी यायची आसंल का मग?"

"असेल. मी नंतर बोलते."

"तूच काडलंय न्हवं?"

"हो, मीच."

"मंग झालं."

एरवी ती मामांशी घरच्या बोलीत बोलायची. त्या दिवशी ऑफिसातल्या भाषेत बोलली. नंतर फोन करायचा राहिला.

रिसॉर्ट डिसेंबरात सुरू झालं. दुसऱ्याच आठवड्यात टोकाच्या खोलीत बाथरूममधून घाण पाणी वर आलं. कंत्राटदाराने सगळ्यांसमोर मामांना विचारलं, "आयुष्यभर पाईप टाकले आणि उतार कळत नाही?" मामांनी नकाशाचं नाव काढलं नाही. त्यांना कामावरून काढलं. ठरलेल्या दोन बंगल्यांचे निरोप आले, आता नको. स्टेशनजवळच्या चहाच्या टपरीवर कुणीतरी म्हणालं, "निवृत्तीभाऊ, पानी वर चढीवलंत म्हनं. आमच्या डोंगरावरच्या वावरात बी चढवा की." मामांनी चहा अर्धा ठेवला.

हे सगळं सरूमामीने सांगितलं. समीक्षाने फाइल उघडली. बाण लांबच्या टोकाला हवा होता, तो टाकीच्या टोकाला होता, म्हणजे टाकीचं टोक जागेवर राहिलं होतं. वर राहायला हवं होतं ते लांबचं टोक खाली गेलं होतं.

रविवारी ती मळवलीला गेली. मामा अंगणात पाईप आवळायचे पाने साफ करत बसले होते. पाने आधीच पुसलेले दिसत होते.

"मामा, चूक माजी हाय."

"ठावं हाय."

"मग बोलला का न्हाई?"

"तुजं नाव घिऊन काय हुनार? तुजी नोकरी जाईल. घरात कागदावर काम करनारी तू पयली." हातातला पाना खाली ठेवून म्हणाले, "पर मला वाटलं, तू म्हंतेस म्हंजे आसंल कायतरी. डोळ्याला दिसत हुतं, तरी टाकला."

तिने तोच पाना उचलून पुसायला घेतला.

सोमवारी तिने श्रीयशसरांना सांगितलं. नकाशावर तपासणीची सही त्यांची होती. त्यांनी दार लावून घेतलं.

"तुझ्या मामांनी फोन करून विचारलं होतं, याचा काही पुरावा?"

"आहे सर. उत्तर मी दिलं होतं."

सरांनी लॅपटॉप तिच्याकडे वळवला. "मग तूच लिही," म्हणाले. तिने लिहिलं. फाइलचं नाव, तारीख, बाण, फोन, मामांचं नाव. मालकाला आणि कंत्राटदाराला पाठवलं. त्यानंतर तिच्याकडे नवीन काम आलं नाही. दुसऱ्यांच्या नकाशावरची अक्षरं मोठी-छोटी करायला बसवलं. फाट्यांसाठी कुणी हाक मारत नाही.

कंत्राटदाराने मामांना परत बोलावलं. माफी वगैरे मागितली नाही, फक्त बोलावलं. पाईप उकरायला व्हरांड्याची फरशी फोडली. समीक्षा रजा काढून गेली. मामांनी नळीचं एक टोक तिच्या हातात दिलं.

पाईप बसला. नळीतलं पाणी थांबलं.

"किती?" मामांनी विचारलं.

"बराबर हाय. टाकीकडं खाली चाललाय."

"कागदावर काय हाय?"

"मामा, तुमीच बगा की. तुमाला काय दिसतंय?"

मामा उकिडवे बसले. एक डोळा मिटून त्यांनी पाईपच्या पाठीवरून टाकीपर्यंत नजर नेली. एकदा. मग परत.

"दिसतंय बराबर," ते म्हणाले. "पर तू कागद बग."

तिने नळी खाली ठेवली आणि कागद उघडला.