पाच हजार किलोमीटरच्या आधी

थांबामिस्त्री हे नाव त्यांना गिऱ्हाइकांनीच दिले होते, आणि ते त्यांनी कधी मनाला लावून घेतले नव्हते. नव्या गाडीची ताकद वाढवून देणे हा त्यांचा धंदा. परंतु कोणी शोरूममधून निघालेली गाडी थेट त्यांच्या शेडमध्ये आणली, की ते बॉनेट उघडत, आतल्या बाजूला कागदी चिकटपट्टी लावत, तिच्यावर त्या दिवसाचे किलोमीटर लिहीत आणि म्हणत, "थांबा. पाच हजार होऊ द्या."

पाच हजार झाल्यावरही लगेच काम होत नसे. ते तेलाचा फिल्टर काढत, बारीक करवतीने त्याचा डबा कापत आणि आतला घड्यांचा कागद पत्र्याच्या ताटात उलगडून उन्हात धरत. कागदावर धातूची दाट चमक दिसली, तर गाडी जशी आली तशीच परत जाई. कागद स्वच्छ किंवा जवळजवळ स्वच्छ असला, तरच लॅपटॉप बाहेर निघे. मग टर्बोचा दाब थोडा वाढवायचा, ठिणगीची वेळ थोडी सरकवायची. शंभर अश्वशक्तीची गाडी असेल, तर एकशे बारापर्यंत, फार तर एकशे पंधरापर्यंत न्यायची. त्यापुढे इंजिन हो म्हणते, पण क्लच आणि ब्रेक नाही म्हणतात, असा त्यांचा तीस वर्षांचा अनुभव होता.

अशा माणसाच्या जावयाने नवी गाडी घेतली. घेतल्यापासून नऊशे किलोमीटरवर, एका रविवारी सकाळी, तो ती घेऊन शेडसमोर उभा राहिला. शेजारच्या सीटवर मिस्त्रींची लेक होती.

"मामा, आज हिला पंख लावायचे," जावई उतरता उतरता म्हणाला.

"अहो जावईबापू, अजून दुधाचे दात आहेत तिला. पाच हजार होऊ द्या."

"ते बाहेरच्यांसाठी! घरच्यांना कसलं पाच हजार? पुढच्या रविवारी आमच्या ग्रुपच्या सगळ्या गाड्या जमणार आहेत. बाबांनी तर सगळ्या नातेवाइकांना सांगून टाकलंय, व्याही स्वतःच्या हातानं गाडी तयार करून देणार म्हणून."

"कंपनीची वॉरंटी जाईल."

"वॉरंटी लागेल कशाला? तुम्ही आहात ना!"

मिस्त्रींनी लेकीकडे पाहिले. ती खिडकीची काच खाली-वर करत बसली होती. तिच्या लग्नाला एक वर्ष झाले होते. ते हात पुसण्याच्या निमित्ताने मागच्या खोलीत गेले. तेथे त्यांची पत्नी कपबश्या मांडत होती, आणि तिने सगळे ऐकले होते.

"अहो, वर्षभरात पहिल्यांदा काहीतरी मागितलंय त्यांनी. तुमचं थांबा-थांबा आज राहू द्या."

"अगं, इंजिन नवं आहे. पिस्टनच्या रिंगा अजून घासून नीट बसायच्या आहेत. आता दाब वाढवला तर आयुष्यभराचं दुखणं लागेल त्याला."

"इंजिनाचं दुखणं दिसतं तुम्हाला. तुम्ही नाही म्हणाल, आणि घरी गेल्यावर टोमणे कुणी ऐकायचे?"

हो म्हणावे तर जी गाडी आपण बिघडवू तिच्यातच लेक बसणार, आणि नाही म्हणावे तर ज्या घरात लेक राहते तेथे तिला ऐकावे लागणार, अशा कात्रीत ते सापडले. तेव्हा त्यांनी तिसरी वाट काढली. ती काढली नसती, तर पुढचे काहीच झाले नसते.

त्यांनी लॅपटॉप जोडला. टर्बोला हात लावला नाही, ठिणगीला लावला नाही. फक्त ॲक्सिलरेटरचे पेडल तिखट केले. म्हणजे पूर्वी पेडल अर्धे दाबल्यावर गाडी जेवढी उसळत असे, तेवढी ती आता पाव दाबल्यावर उसळू लागली. ताकद होती तेवढीच राहिली. दहा मिनिटांचे काम होते, त्यांनी त्यात मुद्दाम दोन तास घालवले आणि म्हणाले, "झाला पहिला टप्पा."

जावई एक फेरी मारून आला, तो नाचतच. "मामा, काय चीज केलीत! पाठ सीटला चिकटते!"

आठ दिवसांनी लेकीचा फोन आला. कामावर जाताना ती गाडी तीच चालवत असे.

"बाबा, चढावर ती पूर्वीइतकीच दमते. हुशारी नुसती पेडलला आलीय. खरं ना?"

लहानपणी शाळा सुटल्यावर ती शेडमध्येच बसून अभ्यास करत असे, हे मिस्त्री विसरले होते.

"यांना सांगू नका," ती म्हणाली. "खूश आहेत ते. पण बाबा, तेव्हापासून ते फार जोरात चालवतात. गाडीत ताकद आलीय असं त्यांना वाटतं ना, म्हणून सारखे ती शोधत असतात."

त्या वाक्याने मिस्त्रींची झोप उडाली. ज्या नव्या इंजिनाला ते ताणापासून वाचवायला गेले होते, तेच इंजिन त्यांच्या खोटेपणामुळे रोज ताणले जात होते.

शेडमध्येही बातमी पोचली होती. दातांचे डॉक्टर हे त्यांचे जुने गिऱ्हाईक. त्यांच्या नव्या गाडीला अठराशे किलोमीटरवर चिकटपट्टी लागली होती. ते मुद्दाम आले आणि बॉनेट उघडून उभे राहिले.

"मिस्त्री, तुमच्या जावयाची गाडी नऊशेवर झाली म्हणे. आमच्या गाडीनं काय घोडं मारलंय?"

"डॉक्टर, तिची गोष्ट वेगळी आहे."

"वेगळी म्हणजे? तिचं इंजिन लग्नात आंदण आलंय?"

शेडमधली माणसे हसली. खरे सांगावे, तर जावयाला फसवले हे चारचौघात कबूल करावे लागले असते. न सांगावे, तर तीस वर्षे पाळलेला नियम स्वतःच्या सोयीपुरता मोडला, असे सगळ्यांनी धरले असते. डॉक्टरांनी चिकटपट्टी स्वतःच्या नखाने काढली, तिची गोळी केली आणि ती मिस्त्रींच्या टेबलावर ठेवून ते निघून गेले. त्या महिन्यात आणखी दोघे असेच गेले. एकाने जाताना मोठ्या आवाजात विचारले की थांबायचे फक्त परक्यांनीच का.

गाडीचे दोन हजार सहाशे किलोमीटर झाले, आणि जावई पुन्हा आला. या वेळी लेक आणि व्याही दोघेही बरोबर होते.

"मामा, आता दुसरा टप्पा. पहिला तर तिनं पचवला. आता एकदम तीस टक्के वाढवा."

"व्याहीबुवा, कंजुषी करू नका," व्याही हसत म्हणाले. "घरचीच गाडी आहे."

मिस्त्रींनी स्क्रू डबीत टाकले, डबी बंद केली, पुन्हा उघडली. पहिला टप्पा झाला, हे त्यांच्याच तोंडचे वाक्य होते. मग दुसऱ्याला नकार कोणत्या तोंडाने द्यायचा? खोटेपणाने त्यांच्या हातातले एकुलते एक कारण काढून घेतले होते. लेक गाडीला टेकून उभी होती. तिने मान हळूच हलवली. सांगा म्हणते की सांगू नका म्हणते, हे त्यांना कळले नाही.

"पहिला टप्पा झालाच नाही," ते म्हणाले. "मी फक्त पेडल तिखट केलं होतं. ताकद आहे तेवढीच आहे. चूक माझी आहे."

जावयाचा चेहरा आधी हसरा राहिला, कारण ही थट्टा आहे असे त्याला वाटले. मग तो हळूहळू उतरला.

"म्हणजे मी ग्रुपमध्ये सगळ्यांना सांगत फिरलो..."

"हो."

"आणि तुम्ही ऐकत राहिलात."

"हो."

"तुला माहीत होतं?" त्याने बायकोला विचारले.

"चालवल्यावर कळलं," ती म्हणाली.

जावयाने किल्ली मिस्त्रींपुढे धरली. "होती तशी करून द्या." मिस्त्रींनी तशी करून दिली. ती दहा मिनिटे सगळे उभेच होते. जाताना व्याह्यांनी मिस्त्रींना थोडे बाजूला घेतले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "एकदा बोललात तर निभवायचं होतं, व्याहीबुवा. आता तुमचं खरंही आम्ही कशाच्या जोरावर धरायचं?"

त्यानंतर येणे-जाणे थांबले. लेक फोन करी, पण थोडक्यात बोले. टोमणे ऐकावे लागतात का, असे आईने विचारले की ती म्हणे, "टोमणे बरे. इथं कोणी काही बोलतच नाही."

चार महिन्यांनी, एका दुपारी, जावई एकटाच आला. गाडीचे पाच हजार दोनशे किलोमीटर झाले होते. बायकोने पाठवले की स्वतःहून आला, हे त्याने सांगितले नाही. त्याने बॉनेट उघडले आणि तो हाताची घडी घालून उभा राहिला.

मिस्त्रींनी फिल्टर कापला, कागद उलगडला. एका कडेला बारीक चमक होती. फार नव्हती, पण ती त्या जोरात चालवलेल्या आठवड्यांची होती, हे त्यांना ठाऊक होते. त्यांनी ताट जावयासमोर धरले.

"एवढी धातूची धूळ निघाली आहे. तीस टक्के मी करणार नाही. आठ करीन. पुढच्या तेलबदलाला पुन्हा पाहू. आणि आधी ब्रेकचे पॅड बदलायचे."

"आठ," जावई म्हणाला. "आणि तुम्ही आठ केले, हे मला कसं कळणार?"

पूर्वी कोणी असे विचारले असते, तर मिस्त्रींनी किल्ली परत दिली असती. आता त्यांनी दुसरे स्टूल ओढले, लॅपटॉप फिरवला आणि म्हणाले, "बसा. एकेक आकडा तुमच्यासमोर बदलतो."

जावई बसला. त्याने प्रत्येक आकड्याचा अर्थ विचारला, जुना आणि नवा आकडा फोनमध्ये टिपून घेतला, कित्येकदा तोच प्रश्न फिरवून पुन्हा विचारला. अर्ध्या तासाच्या कामाला तीन तास लागले. मिस्त्रींच्या पत्नीने आणलेला चहा त्याने घेतला, पण "मामा" हा शब्द त्या तीन तासांत एकदाही उच्चारला नाही.

काम संपल्यावर तो गाडीत बसला. "इथून सरळ मोजायच्या दुकानात जातो," तो म्हणाला. त्या दुकानात चाके रोलरवर फिरवून गाडीची ताकद मोजून देत असत.

"जा," मिस्त्री म्हणाले. "मोजायलाच पाहिजे."

गाडी वळणावरून दिसेनाशी झाली. ते दुकान अर्ध्या तासावर होते, आणि मोजायला आणखी तेवढाच वेळ लागे. आकडा आठच निघेल, याविषयी त्यांच्या मनात शंका नव्हती. तरीही त्यांनी फोन टेबलावर समोर ठेवला आणि दुसऱ्या कोणत्याही गाडीला हात लावला नाही.