आज मी नास्तिक

चष्मा कपाळावर सरकवायचा, खुर्ची जराशी मागे घ्यायची आणि म्हणायचं, "मान्य. पुढे?" ठाण्याच्या आमच्या ज्युनिअर कॉलेजच्या स्टाफरूममध्ये हे मी इतकं ऐकलंय, की अजूनही कोणी माझं म्हणणं पटकन मान्य केलं तर मी सावध होते. सरांनी मान्य केलं की समजायचं, आता आपली खैर नाही.

सर तर्कशास्त्र शिकवायचे, मी फिजिक्स. ते ख्रिस्ती, पण पिढ्यान्‌पिढ्या मराठी. डबा उघडला की भरलं वांगं. मी नौपाड्यातली, देव न मानणारी, आणि ते चारचौघांत ठणकावून सांगणारी. पण तुम्हीही पाहिलं असेल, मनासारखं भांडता येईल असं माणूस सहजासहजी मिळत नाही. आम्हाला ते मिळालं होतं.

एकदा मी म्हटलं, "सर, तुमचं सगळं दोन हजार वर्षांपूर्वीच्या ऐकीव गोष्टीवर उभं आहे."

"मान्य. पुढे?" चष्मा वर गेलाच. "मॅडम, तुम्हाला खोटी गोष्ट रचायचीय. साक्षीदार म्हणून कोणाला उभं कराल? गावातल्या वजनदार माणसाला ना? त्या काळी बायकांच्या शब्दाला चावडीत किंमत नव्हती. आणि बायबल लिहिणाऱ्यांनी लिहून ठेवलं की येशू मेलेल्यांतून उठला तेव्हा त्याचं रिकामं थडगं पहिल्यांदा बायकांनी पाहिलं. रचणारा इतका बावळट असतो?"

"बावळटांची कमी आहे का जगात?"

सर मनापासून हसले. "हे झकास आहे. हे मी रविवारी वापरतो."

रविवारचं प्रकरण असं होतं. उपासना संपली की चर्चच्या मागच्या खोलीत ते तरुण पोरांचा दृढीकरणाचा वर्ग घ्यायचे. बाप्तिस्मा तान्हेपणी आईबापांनी दिलेला असतो. पोर मोठं झालं की त्याने सगळ्या मंडळीसमोर उभं राहून आपल्या तोंडाने सांगायचं, की मी मानतो. ते दृढीकरण. त्यासाठी इतर ठिकाणी प्रश्नोत्तरं पाठ करून घेतात म्हणे. सरांचा कारभार उरफाटा. खोलीत शिरतानाच जाहीर करायचे, "आज मी नास्तिक." मग पोरांनी त्यांना हरवायचं. पोरं हरली की, "उत्तर पुढच्या रविवारी." आठवडाभर पोरांनी डोकं खाजवायचं.

"समोरच्याची बाजू त्याच्यापेक्षा चांगली मांडता आली पाहिजे," ते म्हणायचे, "नाहीतर आपली मांडायचा हक्क नाही." ही समोरची बाजू पुरवायला मी होतेच.

त्या वर्षी त्यांची मुलगीही वर्गात होती. एकुलती एक, बी.एस्सी.ला, बापासारखीच जिभेला धार. मला मावशी म्हणायची. तिचं दृढीकरण होणार म्हणून सर वर्षभर हवेत होते.

असंच एकदा वाद घालता घालता मी माझ्या भावाचं बोलून गेले. तो माझ्यापेक्षा लहान होता. तापाने गेला. आईने देव पाण्यात घातले होते, शेजारच्यांनी नवस बोलले होते. "तुमचा असो नाहीतर आमचा," मी म्हटलं, "तेव्हा तो होता कुठे? माझा भाऊ पाणी पाणी करत होता आणि हा काय बघत बसला होता?"

सर त्या दिवशी 'मान्य' म्हणाले नाहीत. चष्माही वर गेला नाही. मग म्हणाले, "हे मी वर्गात मांडलं तर चालेल? नाव न घेता."

मी म्हटलं, मांडा की.

सोमवारी सर आले ते थेट कोपऱ्यात जाऊन बसले. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "फार चांगलं मांडलं मी काल. इतकं चांगलं कधीच जमलं नव्हतं."

झालं होतं असं, की कोणालाच उत्तर सुचलं नाही. मग त्यांची मुलगी उठली. "बाबा, तुमचं बरोबर आहे," म्हणाली आणि पिशवी उचलून चालू लागली. पोरांना वाटलं हा खेळच आहे, सगळी टाळ्या वाजवत राहिली. पण मुलगी परत आली नाही. दृढीकरण घेणार नाही, असं तिने घरी सांगून टाकलं.

पुढच्या रविवारी सर उत्तर तयार ठेवून वर्गात गेले. मुलगी आली नाही. त्यांनी उत्तर दिलंच नाही. "प्रश्न जिला लागलाय ती नाही, मग सांगू कोणाला?" म्हणाले. त्याच्या पुढच्या रविवारीही तसंच.

"अहो सर, मग घरी सांगा ना," मी वैतागून म्हटलं. "एका छपराखाली राहता."

"प्रश्न विचारला तेव्हा मी नास्तिक होतो. घरी मी बाप आहे. बापाने एकटीला गाठून सांगितलं की एकतर पोरगी ऐकते, नाहीतर चिडते. तपासत नाही. तिने वर्गात यावं."

आणि मुलगी म्हणत होती, वर्गात पाय ठेवणार नाही. दोघंही एका मातीची. कोपर स्टेशनजवळच्या सरांच्या घरात बोलणं उरलं ते गॅस सिलिंडर आणि पाण्याच्या मोटरपुरतं. चर्चच्या पाळकांनी सुचवलं, तिला समजावून दृढीकरण उरकून टाका, पुढचं पुढे बघू. सर म्हणाले, "हो म्हणायला लावलं तर तो हो नव्हे." सरांच्या बायकोने, वहिनींनी, अबोला धरला. नाताळला मी गेलेले, तर वहिनींनी करंज्यांची बशी पुढे ठेवली आणि शांतपणे म्हणाल्या, "मॅडम, तुमचं काय गेलं? माझं घर गेलं." मुलीच्या खोलीचं दार बंद होतं. सर समोर बसून करंजी नुसती हातात धरून होते. मला तिथून पळून जावंसं वाटलं.

उत्तर त्यांनी मला सांगितलं, कारण मूळ प्रश्न माझा होता.

"तुमचा भाऊ का गेला ते मला माहीत नाही," ते म्हणाले. "माहीत आहे म्हणणाऱ्यापासून लांब राहा. पण तुम्ही म्हणालात, असं व्हायला नको होतं. नुसते अणुरेणूच असतील, तर हे 'नको होतं' आलं कुठून? दगड खाली पडला म्हणून फिजिक्स कधी चिडतं का?"

"राग मेंदूत तयार होतो, सर. उत्क्रांतीतून आलाय."

"मान्य. पुढे? मग भावासाठी येतो तो राग नुसती मेंदूची सवय आहे, असं म्हणा बघू."

मला म्हणता येईना. भयंकर राग आला मला त्यांचा. बेल वाजली म्हणून वाचले.

मे महिन्याच्या सुट्टीत सर गेले. सकाळी छातीत कळ आली, दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं. मुलगी तेव्हाही त्यांच्याशी बोलत नव्हती.

पुढे पावसाळ्यात एका रविवारी दुपारी ती माझ्याकडे आली. चहा घेतला नाही. "मावशी, बाबांकडे उत्तर होतं?"

"होतं."

"तुम्हाला माहितीये?"

"हो. पण मला ते पटलेलं नाही."

"पटायचं काय ते मी बघेन. तुम्ही सांगा."

खरं सांगते, मनात आलं, कसंतरी गुळमुळीत सांगावं. पोरगी आहे तशी घरी जाईल, माझाही पक्ष शाबूत राहील. पण सरांनी माझी बाजू कधी गुळमुळीत मांडली नव्हती. मांडली असती तर ही पोर त्यांच्याजवळ राहिली असती. मी चष्मा कपाळावर सरकवला. म्हटलं, "आज मी आस्तिक."

ती हसली आणि लगेच रडू लागली. मी थांबले नाही. रागाचं सांगितलं, दगडाचं सांगितलं. मग त्या दिवशी बेल वाजल्यावर जिना उतरताना त्यांनी सांगितलं होतं तेही सांगितलं: वर बसून नुसता बघत राहिलेल्या देवाला त्यांनीही कधीच मानलं नसतं. पण क्रुसावर टांगलेल्या येशूनेही आपल्या बापाला, म्हणजे देवालाच, हाच जाब विचारला होता, तू मला का सोडलंस म्हणून. तर्काने देव असायला हवा इतकंच कळतं; पण ज्याने स्वतः हा प्रश्न विचारलाय त्याच्याजवळच हा प्रश्न घेऊन बसता येतं, असं सर म्हणाले होते.

"हे समाधान झालं. पुरावा कुठाय?" ती डोळे पुसत म्हणाली.

"मान्य. पुढे?"

ती भांडली. चांगली भांडली. मी एकही मुद्दा सोडला नाही, घसा बसेपर्यंत सरांची बाजू लढवली. शेवटी ती दारात चपला घालत म्हणाली, "मी अजून मानत नाही हं."

"मी पण नाही," मी म्हटलं.

ती वळली. "मावशी, तुम्हाला भावासाठी अजून राग येतो?"

"येतो."

"कुणाचा?"

पोरगी उंबऱ्यात उभी राहून थेट बापासारखी माझ्याकडे बघत होती, वाट बघायची तयारी असल्यासारखी.

"उत्तर पुढच्या रविवारी," मी म्हटलं.