अर्धी गोळी

माझ्या मामाचा एक नियम आहे. बॉयलर कधी पूर्ण गार पडू द्यायचा नाही. लाँड्रीला सुट्टी असो नाहीतर सगळ्या गावाला, हा सकाळी येणार, ज्योत बारीक करून ठेवणार, वाफेच्या दाबाचा काटा बघणार आणि मगच घरी जाणार. "लोखंड एकदा गार पडलं ना, की परत तापताना सांधे सोडतं," असं येईल-जाईल त्याला ऐकवणार. मी त्याच लाँड्रीत वरच्या मजल्यावर चादरींच्या इस्त्रीवर आहे. माझ्या रोलरची वाफ खालून, मामाकडून येते, आणि ती कधी कमी पडल्याचं मला आठवत नाही. स्वतः तापाने फणफणला तरी आधी बॉयलरची तब्येत विचारणारा माणूस!

त्याचा एकुलता एक मुलगा अपघातात गेला, तेव्हाही सगळं त्यानेच निस्तरलं. आल्यागेल्याला खुर्च्या दिल्या, मामीला सावरलं आणि लगेच कामावर हजर. डोळ्यांतून टिपूस नाही. पुढे मात्र माणूस खचत गेला. अंथरुणातून उठेना, दाढी करेना. डॉक्टरांनी उदासीवरच्या गोळ्या सुरू केल्या. गोळ्यांना मी नावं ठेवणार नाही, त्यांनीच त्याला पुन्हा उभं केलं. पण उभा राहिला तो नुसता उभाच. हसणं नाही, चिडणं नाही. मामीने एक दिवस मुलाचे कपडे देऊन टाकले, तरी हूं की चूं नाही. "घरात माणूस आहे गं, पण सोबत नाही," असं मामी मला म्हणाली, तेव्हा मला तिच्या डोळ्यांत बघवलं नाही.

आणि एकदा, डबा खाता खाता, मामा स्वतःच म्हणाला, "मला पोरासाठी रडायचंय. येत नाही." एखादा नट फिरत नाही म्हणून सांगावं, तसं.

त्या सुमारास मोठ्या हॉस्पिटलात एका औषधाची चाचणी चालू होती. अळंबीच्या एका जातीत सापडणारं औषध. ते घेतलं की काही तास माणसाला रंग, आकार, जुने प्रसंग असं काय काय दिसतं म्हणे. आत साचून राहिलेलं त्याने सुटतं का, हे डॉक्टर मंडळी तपासत होती. मामाने स्वतः जाऊन चौकशी केली आणि नाव घातलं. मुख्य अट एकच होती. जुन्या गोळ्या त्यांच्या देखरेखीखाली कमी करत पूर्ण बंद करायच्या आणि मग काही आठवडे थांबायचं. खोलीत नात्यातलं एक माणूस बसू शकत होतं. "मला नाही बघवणार," असं मामी म्हणाली, म्हणून मी गेले.

मामा भांग पाडून, इस्त्रीचा शर्ट घालून आला होता, जणू मुलगी बघायलाच निघालाय. औषध दिलं, पलंगावर झोपवलं, डोळ्यांवर पट्टी, हळू आवाजात संगीत. तासाभराने डॉक्टरबाईंनी विचारलं, "काय वाटतंय?"

"पाठ अवघडलीय."

आणखी बऱ्याच वेळाने, "काही दिसतंय का?"

"पट्टी."

मला हसू आवरेना. संध्याकाळपर्यंत त्याने दोनदा पाणी मागितलं आणि संगीतात काहीतरी खरखरतंय अशी तक्रार केली. बस्स, एवढंच. बाईंनी तपासून त्याला सोडलं.

खाली कँटीनमध्ये बसलो, तेव्हा माझं हसू पळालं. मामा शांतपणे म्हणाला, "औषधाचा दोष नाही. माझ्यातच काही उरलेलं नाही. विस्तवच नसेल तर फुंकून काय होणार? तुझ्या मामीला मी तिच्या बहिणीकडे पाठवतो. तिने माझ्यापायी का कुजायचं?"

या माणसाने एकदा ठरवलं की ठरवलं. तेवढ्यात त्याने खिशातून काडेपेटी काढली, तिच्यातून अर्धी गोळी घेतली आणि पाण्याबरोबर गिळली.

"मामा! हे काय?"

"अर्धीच आहे."

"गोळ्या बंद केल्या होत्यास ना?"

"कमी केल्या. पूर्ण गार कोण पडू देतं? बारीक ज्योत ठेवलीय."

"आणि बाईंनी विचारलं तेव्हा?"

"बंद केल्या म्हणालो. त्यांना बॉयलरमधलं काय कळणार?"

माझं डोकं फिरलं. मी अशी ओरडले की आजूबाजूचे लोक वळून बघायला लागले. बाही धरून त्याला तसाच वर नेला.

बाई आधी चांगल्याच चिडल्या. जुनी गोळी पोटात असताना नवं औषध घेणं जिवावरही बेतू शकतं, हे त्यांनी त्याला खडसावून सांगितलं. मग खुर्ची ओढून समोर बसल्या. "हे औषध मेंदूत ज्या जागी काम करतं, त्या जागा तुमच्या रोजच्या गोळीने मंद करून ठेवल्यात. अर्धी असली म्हणून काय झालं? नव्या औषधाला तिथून दादच मिळत नाही. बहुतेक म्हणूनच काही झालं नाही. तुमच्यात काही उरलं नाही म्हणून नव्हे."

मामाने खिशातली काडेपेटी बाहेर काढली. मग म्हणाला, "बहुतेक?"

"बहुतेक. गोळ्या न घेणाऱ्यांतही काहींना काहीच होत नाही. काही जण स्वतःला इतकं घट्ट धरून बसतात की सुटत नाहीत. मी खात्री देणार नाही. या चाचणीतून तर तुम्ही बादच. काही महिन्यांनी पुढची तुकडी येईल. तोवर खरंच बंद केल्यात, तर बघू. पण त्रास होईल."

"होऊ दे," मामा म्हणाला आणि काडेपेटी टेबलावर ठेवली.

बाईंनी ती परत त्याच्या हातात दिली. "एकदम नाही. मी सांगेन तशी कमी करायची. आणि मन काळवंडायला लागलं, तर लपवायचं नाही. लगेच फोन."

जिना उतरताना मी मुद्दाम खोचकपणे विचारलं, "सांधे सुटले तर?"

"सुटू देत. बॉयलरचं वेगळं, माझं वेगळं." आणि मामीला बहिणीकडे पाठवायचं त्याने पुन्हा काढलं नाही.

ते महिने वाईट गेले. त्याला चक्कर यायची, घाम फुटायचा. बाईंचा फोन ठरलेला असायचा आणि मामी त्याला एकटं सोडायची नाही. एकदा आमटी अळणी झाली म्हणून तो मामीवर ओरडला. ती धावत माझ्याकडे आली, मला वाटलं रडत येतेय, तर बाईसाहेब खूश! "अगं, भांडले माझ्याशी! किती दिवसांनी!" बॉयलरची ज्योत मात्र त्याने रोज बघितली. काडेपेटी रिकामी झाली, तेव्हा तीच त्याने बॉयलरच्या आगीत टाकली.

दुसऱ्या खेपेला मामी आली. पर्स मांडीवर घट्ट धरून पलंगाशी बसली. बाईंनी खास मुभा दिली म्हणून मीही दाराशी होते. पट्टी बांधली, संगीत लागलं. बराच वेळ काहीच नाही. पुन्हा पाठच दुखते की काय याची, असं माझ्या मनात येऊन गेलं. मामीने माझ्याकडे बघितलं आणि मी नजर चुकवली.

मग पट्टीखालून मामाचा आवाज आला. "कोण रडतंय?"

खोलीत आम्ही तिघी होतो. तिघींचे डोळे कोरडे. मामी उठली, वाकून बघितलं आणि तिने त्याचा हात हातात घेतला. पट्टी भिजून पाणी कानापर्यंत ओघळलं होतं.

"तुम्हीच रडताय हो," मामी म्हणाली.

मामा लाँड्रीत हुकूम सोडतो त्याच आवाजात म्हणाला, "बरं. मग कुणी थांबवायचं नाही."