साहेबाच्या फोटोतले हात

नागपूरहून इन्स्पेक्टर साहेब शाळा तपासायला येणार होते आणि आमच्या प्रयोगाच्या खोलीत भिंतीवर एका पालीशिवाय काही नव्हतं. विलायतेतल्या एका नामांकित शास्त्रज्ञाचा मोठा फोटो आणा, असं मुख्याध्यापिकाबाईंनी फर्मान काढलं. "चेहरा भारदस्त हवा. मुलींना धाक वाटला पाहिजे." अमरावतीच्या त्या शाळेत मी नवीन शिक्षिका, माहेर अकोल्याचं. काम माझ्याच गळ्यात पडलं.

अकोल्याच्या जुन्या शहरात फोटोवाल्या काकांचं दुकान होतं. त्याच दुकानासमोर माझे वडील आमच्या मळ्यातल्या फुलांचे हार विकायला बसायचे. मी शाळेत जायला लागले नि तापानं ते गेले. फोटो काढला की आयुष्य घटतं, असं त्यांच्या डोक्यात बसलेलं, त्यामुळे घरात त्यांचा एकही फोटो नाही. मला त्यांचा चेहरा आठवत नाही. किती प्रयत्न केला तरी नाही. आठवते ती उजव्या हाताची करंगळी. विहिरीवर मोटेच्या नाड्यात सापडून ती कायमची वाकडी झाली होती. बाजारात मी तीच धरून चालायची. वाकडी असल्यामुळे हातातून निसटत नसे.

काकांनी एका विलायती शास्त्रज्ञ साहेबाचे दोन फोटो पुढे ठेवले. मूळ फोटो जुना, खालचा अर्धा वाळवीनं खाल्लेला. एकात काकांनी तो गळ्याखाली कापून चेहरा गुळगुळीत केला होता. दुसऱ्यात वाळवीनं खाल्लेले हात नव्याने जोडले होते, त्यात काचेची नळी. चेहरा पहिल्यातच भारदस्त होता. मी तो उचललाही. तेवढ्यात दुसऱ्यातल्या करंगळीकडे लक्ष गेलं.

"काका, हे हात कोणाचे?"

"साह्यबाचेच. अजून कोनाचे?"

"साहेबाची करंगळी वाकडी होती?"

काकांनी चष्मा काढला. "तुया बापाचे हायेत, पोरी. दुसऱ्या कोनाचे तरी जोडा लागत होते. म्या त्याले म्हनलं, चाल, तुयाबी फोटो काढून देतो. तर म्हने, तोंडाचा नोको, मले अजून लय जगाचं हाय. हाताचा काढ. हात कुठी मरतात?"

मी भर दुकानात रडले. आणखी एक प्रत मागितली, तर निगेटिव्हची काच कधीच फुटून गेली होती. हा एकच उरला होता. घरी न्यावा म्हटलं, तर सासरी सगळे खादीवाले. सुनेच्या बापाच्या हातांसाठी गोऱ्या साहेबाचं तोंड भिंतीवर कोण लावू देणार? निदान शाळेत रोज दिसतील, म्हणून मी तोच फोटो निवडला.

"हात काही शास्त्रज्ञाचे वाटत नाहीत हो," मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या. "उन्हात राबल्यासारखे दिसतात."

"प्रयोग करणाऱ्यांचे असेच असतात," मी ठणकावून सांगितलं.

दर वर्षी साहेबाच्या जयंतीला मुली शेवंतीचा हार आणायच्या. हात झाकले जाऊ नयेत म्हणून मी तो आखूड बांधायची आणि साहेबाचा भारदस्त चेहरा पार फुलांत बुडून जायचा. मुली तोंडाला पदर लावून हसायच्या. मी हसू द्यायची.

शाळा सुटली, खोली रिकामी झाली, की मी फोटोजवळ जाऊन त्या करंगळीवर बोट ठेवायची. काच गार लागायची. धरता मात्र येत नव्हती.