तुरीच्या नंबराचा सर्व्हर

अन्सारभाई काटेवाल्यांच्या दुकानातला फोन त्या मार्च महिन्यात दिवसाला दोनशे वेळा तरी वाजायचा, आणि प्रत्येक फोनवर विचारणा एकच, की कोणता नंबर चालू आहे. दुकान तेल्हाऱ्याच्या पलीकडच्या एका गावात होतं, तूर खरेदी केंद्राच्या अगदी समोर. साल २०१७. तूर एवढी पिकली होती की बाजारात तिला कोणी हुंगत नव्हतं. हमीभावानं घेणारं केंद्र म्हणजे एक पत्र्याचं शेड, एक इलेक्ट्रॉनिक काटा आणि केंद्रप्रमुख महादेवराव. नोंदणी केली की नंबराची चिठ्ठी मिळे. आपला नंबर जवळ आल्याशिवाय ट्रॅक्टर भरून कोण आणणार? म्हणून लोक अन्सारभाईंना फोन करत. अन्सारभाई उठून रस्त्यापर्यंत जात, विचारून येत आणि सांगत. दुरुस्तीचे काटे तसेच पडून राहत.

त्यांची मुलगी मिस्बाह अमरावतीत इंजिनिअर झाली होती, राजापेठेतल्या एका क्लासमध्ये दोन वर्षं शिकवत होती, आणि क्लास बंद पडल्यावर घरी आली होती. वडिलांच्या चार दिवसांच्या येरझारा पाहून तिनं ठरवलं, हा नंबर इंटरनेटवर टाकायचा.

दुकानात एक जुनाट कॉम्प्युटर होता. त्यावर नेहमीचा वेब सर्व्हर टाकला असता तर तो धापा टाकत बसला असता. म्हणून मिस्बाहनं रस्ट ही प्रोग्रामिंगची नवी भाषा घेतली आणि तिच्यात अगदी हलका सर्व्हर स्वतःच लिहायला बसली. कोणी पत्ता उघडला की त्याला एक मोठा आकडा दाखवायचा, एवढंच त्याचं काम. भाषेच्या नावाचा अर्थ कळल्यावर अन्सारभाई जरा दुखावले. तीस वर्षं ते काट्यांवरचा गंज खरवडत होते, आणि पोरगी गंजच शिकून आली होती.

या भाषेचा कंपायलर, म्हणजे लिहिलेलं तपासून त्याचा प्रोग्राम बांधून देणारा, भारी खडूस. मिस्बाहनं येणारे लोक वाटून घ्यायला प्रोग्रामच्या आत चार कामकरी ठेवले होते, आणि चौघांनाही तोच आकडा हवा होता. कंपायलर अडून बसला: आकडा कोणाच्या मालकीचा, ते आधी सांग. एकजण आकडा बदलत असताना दुसरा तो वाचणार असेल तर मी हा प्रोग्राम बांधूनच देणार नाही. तीन दिवस ती लाल अक्षरांतले चुकांचे शेरे वाचत होती. अन्सारभाईंनी विचारलं तेव्हा तिनं अडचण सांगितली.

"बेटा, काट्यावर एका टायमाले एकच माणूस हात लावते," ते म्हणाले. "बाकीच्यायनं थांबा लागते."

तिनं आकड्याला कुलूप घातलं. ज्याच्या हाती किल्ली तोच हात लावणार. प्रोग्राम बांधला गेला. सगळा मिळून तो मोबाइलमधल्या एका फोटोएवढा झाला. वीज गेली तर काट्यांच्या जुन्या बॅटऱ्या होत्याच. समोर महादेवराव नंबर पुकारत, मिस्बाह दुकानात बसून तो ऐके आणि टाके. फोन थांबले.

चौथ्या दिवशी केंद्रावरचा बारदाना संपला. पोतीच नाहीत तर तूर भरायची कशात? मोजणी सत्तेचाळीसवर थांबली, ती अकरा दिवस. सर्व्हर मात्र डोळ्याचं पातं लवायच्या आत उत्तर देत होता: सत्तेचाळीस. दिवसाला वीस-वीस हजार वेळा लोक पाहत होते, आणि वीस हजार वेळा त्यांना सत्तेचाळीस मिळत होते.

एकशे बारा नंबरवाले सूर्यभान मोबाइल घेऊन दुकानात आले. म्हणाले, "पोरी, तुवं यंत्र अटकलं. जराशीक हलवून पाय बरं."

मिस्बाहनं त्यांना समोरचं रिकामं शेड दाखवलं. त्यांनी ते पाहिलं, मान डोलावली आणि पुन्हा मोबाइलवर बोट दाबलं.

याच दिवसांत जिल्ह्यावरून एक साहेब पाहणीला आले. काट्यावर पाखरं बसली होती. पण साइट एकदाही बंद पडलेली नाही, हे ऐकून साहेब खूश झाले. त्यांनी बंद काट्यापुढे मिस्बाहला आणि महादेवरावांना शाल-नारळ दिलं, फोटो काढला आणि गेले. त्या शालीचा महादेवरावांवर फार परिणाम झाला. त्यांनी नंबराची वही कपाटात ठेवली आणि टेबलावर मोबाइल उभा केला.

बाराव्या दिवशी बारदाना आला. मिस्बाह सकाळी सर्व्हर तपासत होती, आणि तपासण्यापुरता तिनं एकशे बारा आकडा टाकला. पुसायच्या आधीच समोरून पुकारा आला, "नंबर एकशे बारा." सूर्यभान चहा तसाच टाकून, आधीच भरून ठेवलेल्या ट्रॅक्टरकडे पळाले. अठ्ठेचाळीस नंबरचे पुंजाराम काट्यासमोरच आडवे झाले. महादेवराव शांतपणे मोबाइल दाखवत होते: साइटवर आहे. त्यांना वळसा घालून सूर्यभानची तूर मोजली गेली, तेव्हा कुठे पुंजाराम उठले.

मिस्बाहनं घाईनं अठ्ठेचाळीस टाकलं. पुंजारामचं मोजून झालं. आणि मग सगळं थांबलं.

पोती होती, हमाल होते, काटा चालू होता. महादेवराव मोबाइलकडे बघत बसले होते. मिस्बाह कान देऊन पुकाऱ्याची वाट पाहत होती. असे दोन तास गेले. हमालांनी एक झोप काढली. आपल्या चार कामकऱ्यांनी एकमेकांची वाट बघत असं अडकून बसू नये म्हणून तिनं प्रोग्राममध्ये केवढी काळजी घेतली होती, आणि रस्त्याच्या दोन बाजूंना नेमकं तेच झालं होतं. हे लक्षात आल्यावर ती उठून केंद्रावर गेली.

"तुमी पुकारत काहून नाई?"

"तुमी टाकत काहून नाई?" महादेवराव म्हणाले.

तिनं त्यांना एक बटण करून द्यायची तयारी दाखवली, की मोजणी झाली की दाबायचं. बटण दाबलं म्हणजे जबाबदारी आली, असं म्हणून त्यांनी नकार दिला. वही पुन्हा काढायलाही ते राजी नव्हते. वहीला कोणी शाल दिली नव्हती. शेवटी अन्सारभाई वायरचं भेंडोळं घेऊन आले. त्यांनी काट्याच्या मागच्या भोकातून तार काढली आणि रस्ता ओलांडून कॉम्प्युटरला जोडली. एका नंबराची सगळी पोती हमाल एकदमच काट्यावर ठेवत. ती उतरली की आकडा आपोआप पुढे. आकड्याची मालकी काट्याला दिली.

संध्याकाळपर्यंत छान चाललं. दुसऱ्या दिवशी एक बकरी सांडलेली तूर खायला तीनदा काट्यावर चढली, आणि तीन शेतकऱ्यांची पाळी गेली. मिस्बाहनं अट घातली: पन्नास किलोखाली मोजायचं नाही. त्या दुपारी महादेवराव घाम पुसत काट्यावर टेकले आणि उठले. साइटवर त्रेसष्टचा चौसष्ट झाला. सर्व्हरच्या नोंदीत लिहिलं गेलं: नंबर त्रेसष्ट, ब्याऐंशी किलो. त्रेसष्ट नंबरची बाई, जमुनाबाई, अर्ज घेऊन उभी राहिली. आपण तूर नाही, असा लेखी खुलासा महादेवरावांनी वर पाठवला, आणि तो मंजूर होऊन आल्यावर जमुनाबाईंची पोती मोजली गेली.

एप्रिल सरता सरता वरून आदेश आला आणि केंद्र बंद झालं. आकडा तीनशे अठरावर होता, चिठ्ठ्या सातशे चाळीसपर्यंत वाटलेल्या. सूर्यभान एकशे बारा होते म्हणून सुटले. त्यांच्या भावाचा नंबर चारशेच्या पुढे होता, त्यानं ती तूर मिळेल त्या भावानं व्यापाऱ्याला घातली. मिस्बाहनं साइटवर 'केंद्र बंद आहे' असं लिहिलं. तरी जूनमध्ये, पेरणीच्या धांदलीतही, रोज चाळीसेक माणसं ती उघडून बघत होती. सर्व्हर त्यांना तितक्याच तत्परतेनं तेच सांगत होता. नोंदीत ते वाचून तिला आपल्या कामाचा अभिमान वाटे, आणि जेवण जात नसे.

पावसाळ्यात अमरावतीच्या एका डॉक्टरांनी तिला बोलावलं. दवाखान्यातल्या पेशंटचे नंबर त्यांना मोबाइलवर दाखवायचे होते. पैसे चांगले होते, कामही सोपं होतं. मिस्बाहनं लॅपटॉप उघडायच्या आधी विचारलं, इथं नंबर कोण पुकारतं? डॉक्टर म्हणाले, कंपाउंडर. मग ती बाहेर जाऊन दिवसभर त्या कंपाउंडरशेजारच्या स्टुलावर बसून राहिली.