एकाचं शून्य

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, देवापुढे हात जोडतानाही नाही — तिथे मी पटकन दुसरंच काहीतरी मागून मोकळी होते. तुम्हाला का सांगतेय? तुम्ही आम्हाला ओळखत नाही, म्हणून असेल.

नाशिकला आमच्या समाजाचं वधू-वर मंडळ आहे. त्यांची वेबसाइट मी केली. तेव्हा एका छोट्या ऑफिसात प्रोग्रामर होते आणि स्वतःला फार शहाणी समजायचे. मंडळाचा एक नियम होता — चांगला नियम, खरं तर. कांदेपोहे झाले की दोन्हीकडच्यांनी एकमेकांना फोन करायचा नाही, आपापलं उत्तर वेबसाइटवर द्यायचं. दोन होकार आले तरच पुढची बोलणी. नाहीतर दोघांनाही एकच ओळ — ‘हे स्थळ पुढे जाणार नाही.’ कुणी कुणाला कारण विचारायचं नाही. कुणाचं मन दुखायला नको ना!

उत्तरं नोंदवायचं काम मात्र दुसऱ्याच ॲप्लिकेशनकडे होतं. माझी साइट त्याला उत्तर पाठवायची ती लिंकमधूनच. वरच्या पट्टीत पत्ता असतो बघा, त्यात प्रश्नचिन्हापुढे स्थळाचा नंबर आणि शेवटी उत्तर. होकाराला एक, नकाराला शून्य. सगळं उघडं. पलीकडचं ॲप्लिकेशन बिचारं जे येईल ते खरं मानायचं. मध्ये कुणी हात घातला का, हे तपासायची सोय मी करायला हवी होती, कंटाळा केला. पण नुसता कंटाळाच असता तर — छे, तर मी हे लिहीत बसले असते का?

ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. बाबा गेले, मग साखरेने आईची नजर गेली. आईची इंजेक्शनं, आंघोळ, जेवण, रात्रीचं उठणं, सगळं ताई करायची. आणि मी? मी ऑफिसला जायचे.

मनमाडचं स्थळ आलं तेव्हा ती पस्तिशीची होती. तो रेल्वेत होता, बोलायला कमी. पोह्यांची बशी त्याने आईच्या हातात नीट धरून दिली, चमचा कुठल्या बाजूला आहे तेही सांगितलं. ताईने ते पाहिलं. मी ताईला पाहिलं.

दुसऱ्या दिवशी रविवार. तो दिवस मला अजून अर्धवट झोपेतल्यासारखा आठवतो. थंडीतलं मऊ ऊन, गच्चीवरून उठत चाललेलं धुकं, घरभर शिकेकाईचा वास. त्याचं उत्तर सकाळीच आलेलं मला साइटच्या नोंदींत दिसलं होतं. एक. मी ताईला सांगितलं नाही. ती न्हाऊन, केस मोकळे सोडून माझ्या कॉम्प्युटरपाशी आली आणि होकाराचं बटण तिने स्वतः दाबलं. लाजली हो, एवढी मोठी बाई! मग शिरा करते म्हणून आत पळाली. नेट मंद होतं. रवा भाजल्याचा वास यायला लागला तेव्हा कुठे पुढचं पान उघडलं — ‘पक्कं करा’. वर तो लांबलचक पत्ता, शेवटी एक.

तेवढ्यात आईने हाक मारली. ताईला. आणि मला ऐकू आलं — उद्यापासून ती हाक माझ्या नावाची. किती वर्षं? सरळच सांगते, मला एकटीला आईचं करायचं नव्हतं. बोट आपोआप गेलं असं म्हणू? नाही गेलं. मी नेलं. एक खोडला, शून्य लिहिलं, पक्कं केलं.

‘आपलं उत्तर नोंदवलं आहे. धन्यवाद.’ दोन्ही उत्तरांना तेच वाक्य, तेही मीच लिहिलेलं. ताईने ते दोनदा वाचलं आणि माझ्या हातात शिऱ्याची वाटी दिली. मी खाल्ला. छान झाला होता.

संध्याकाळी दोन्ही घरी ती एक ओळ गेली. ताई ‘असू दे’ म्हणाली आणि आईला इंजेक्शन द्यायला उठली. दीड वर्षाने माझं लग्न झालं, माझं रुखवत तिनेच मांडलं. आईजवळ शेवटपर्यंत तीच होती. आता एकटी असते. किती वेळा तोंडाशी आलं — आणि मी भाजी काय केलीस, विचारलं.

हल्ली ती त्याच मंडळात मदत करते. नकार आलेल्या मुलींची फोनवर समजूत घालते. परवा मी तिच्याकडे गेले होते, सटाण्याची कुणी मुलगी पलीकडे रडत होती. ताई हसत तिला म्हणाली, “अगं, मलाही मनमाडहून नकार आला होता. माझ्यातच काहीतरी कमी असणार, असं कितीतरी वर्षं वाटायचं. त्यात काय एवढं!”

मी समोरच बसले होते. त्याचा होकार होता, तिचाही होता. नकार माझा होता.